अभ्यासक्रम ठरवितो कोण?

मुलाने कोणते विषय घ्यावेत याची चर्चा आपल्याकडे घरोघर होते. परंतु ते विषय अभ्यासक्रमात आले कसे, कोणी आणले आणि त्यांच्या आधी तेथे जे होते ते कोणी काढून टाकले, हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांतही क्वचितच निघतो. विद्यापीठाने छापलेला अभ्यासक्रम म्हणजे जणू पंचांग. ग्रहांच्या गतीवरून तो आपोआप तयार होतो आणि त्यात फेरफार करणे माणसाच्या हाती नाही, अशी एक अस्पष्ट समजूत सर्वत्र दिसते. वस्तुतः त्यातील प्रत्येक ओळ काही माणसांनी एका टेबलाभोवती बसून, वाद घालून, प्रसंगी मते मोजून लिहिलेली असते. ही माणसे कोण, त्यांस तेथे कोणी बसविले आणि त्यांनी आपल्या निर्णयाची कारणे कोणास सांगितली, यावर एका पिढीच्या बुद्धीचे वळण अवलंबून असते. प्रस्तुत लेखात मुंबई विद्यापीठात मराठी भाषेची जी गत झाली तिचा इतिहास पाहून या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. भुसावळच्या पूर्वेस थोड्या मैलांवर असलेल्या वरणगावी बसून आम्ही हे लिहीत आहोत. विद्यापीठाच्या सभागृहापासून दूर राहणारास तेथील ठरावाचे परिणाम भोगावे लागतात, पण तो ठराव होताना त्याचा आवाज तेथे पोचत नाही. आमच्या जिज्ञासेचे मूळ यात आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारलेली ही संस्था शिकविणारी नव्हती, परीक्षा घेणारी होती. तिचा सर्व कारभार सेनेटच्या हाती होता आणि सेनेटचे सभासद, म्हणजे फेलो, सरकारने नेमावयाचे व ते तहहयात राहावयाचे. विद्वत्तेपेक्षा हुद्दा पाहून पुष्कळ नेमणुका होत. सेनेटच्या पोटात विषयवार फॅकल्ट्या होत्या आणि नित्याचे काम पाहण्यासाठी सिंडिकेट नावाचे लहान मंडळ होते. महाविद्यालयात जो प्रत्यक्ष शिकवितो त्यास केवळ शिक्षक म्हणून या व्यवस्थेत कोणतेही स्थान नव्हते. तो फेलो असला तर बोले. नसला तर छापून आलेला अभ्यासक्रम मुकाट्याने शिकवी.

अशा संस्थेच्या प्रारंभीच्या नियमांत देशी भाषांना जागा होती, हे आज पुष्कळांस ठाऊक नसेल. इंग्रजीच्या जोडीस जी दुसरी भाषा घ्यावयाची तिच्यात संस्कृत, लॅटिन, अरबी यांच्याबरोबर मराठी व गुजराती यांचाही समावेश होता. ही स्थिती फार दिवस टिकली नाही. १८६० नंतरच्या पहिल्या चारपाच वर्षांतच वरच्या परीक्षांतून देशी भाषा वगळण्यात आल्या आणि त्यांची जागा अभिजात भाषांनी घेतली. मराठी उरली ती प्रवेशपरीक्षेपुरती. ह्या बदलाचे प्रमुख पुरस्कर्ते सर अलेक्झांडर ग्रँट होत. ते एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्रिन्सिपल होते, पुढे विद्यापीठाचे व्हाइस-चॅन्सेलर झाले. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाचे संपादन केलेला हा पंडित मराठीचा द्वेष्टा होता असे मानण्याचे कारण नाही. ज्या भाषेत प्रौढ वाङ्मय आहे तिच्याच अध्ययनाने बुद्धीस संस्कार होतो आणि देशी भाषांत ते अद्याप निर्माण झालेले नाही, असा त्या पक्षाचा युक्तिवाद होता. ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्या भाषेविषयी असे म्हणणे आज आपणांस चमत्कारिक वाटते. परंतु त्या वेळच्या सभागृहात त्याचे खंडन अधिकाराने करील असा मराठी वाङ्मयाचा जाणता फारसा कोणी बसलेला नव्हता. १८६२ साली पहिले चार पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे ते चौघे. म्हणजे ज्यांच्या भाषेचा निकाल लागत होता ते तेव्हा नुकते कोठे परीक्षेच्या दालनातून बाहेर येत होते.

हाच मुद्दा आम्हांस वाचकांपुढे ठळकपणे ठेवावयाचा आहे. मराठी वगळली गेली ती थोड्या माणसांच्या विचाराने व थोड्या काळात. ती परत येण्यास मात्र सुमारे चाळीस वर्षे लागली. ह्या अवधीत विद्यापीठात मराठीचे नावच निघत नव्हते असे नाही. विल्सन यांच्या स्मरणार्थ चालू झालेल्या भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेत भांडारकरांनी १८७७ साली संस्कृत व तिच्यापासून निघालेल्या भाषांवर जी व्याख्याने दिली, त्यांत मराठीच्या घडणीचा शास्त्रशुद्ध विचार केलेला आहे. म्हणजे विद्यापीठाच्या व्यासपीठावरून मराठीच्या उत्पत्तीविषयी विद्वानांनी बोलावे, पण विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने पदवीसाठी मराठीतील एक ओळही वाचू नये, अशी ती विसंगती होती.

ती दूर करण्याचे काम रानडे यांनी अंगावर घेतले. ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते, सिंडिकेटमध्येही त्यांनी काम केले होते आणि सभागृहाची रीत त्यांस पूर्ण अवगत होती. त्यांनी स्वभाषेच्या अभिमानाचे आवाहन करून भागविले नाही. प्रतिपक्षाचा आक्षेप ‘वाङ्मय नाही’ असा होता. तेव्हा वाङ्मय किती आहे व कसे आहे हे त्यांनी मोजून दाखविले. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद सरकारदप्तरी होऊ लागली होती. त्या याद्यांच्या आधारे त्यांनी १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीचा इंग्रजी निबंध लिहिला. जुने काव्य, नवे गद्य, भाषांतरे, नाटके, चरित्रे यांची त्यांनी छाननी केली आणि उणिवाही झाकल्या नाहीत. न्यायाधीशाने पुरावा तपासावा तसा तो निबंध आहे. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. परंतु त्यांच्या खटपटीचे फळ विद्यापीठाला नाकारता आले नाही आणि एम्. ए. च्या अभ्यासक्रमात देशी भाषांना प्रवेश मिळाला. शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर मराठी आली, खालच्या पायऱ्या अजून रिकाम्याच होत्या. हा क्रम उलटा दिसला तरी बंद दरवाजा किलकिला झाला होता.

येथे कोणी म्हणेल की, चाळीस वर्षांचा हा विलंब म्हणजे अशा मंडळांच्या नालायकीचाच पुरावा होय. आम्हांस तसे वाटत नाही. विलंब व संकुचितपणा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. अभ्यासक्रमात बदल सावकाश व्हावा, त्यावर आक्षेप घेतले जावेत व त्यांची उत्तरे द्यावी लागावीत, हे हिताचेच आहे. रानड्यांस निबंध लिहावा लागला म्हणून मराठी वाङ्मयाचे एक मोजमाप आपणांस मिळाले. खरा दोष होता तो सभागृहाच्या रचनेत. घाईचा निर्णय संकुचित सभागृहाने केला आणि त्याच संकुचितपणामुळे तो दुरुस्त होण्यास इतका काळ लागला.

सभागृह बदलण्याची वाट न पाहता नवे घर बांधणे हा दुसरा मार्ग होय. तो धोंडो केशव कर्वे यांनी पत्करला. स्त्रियांस मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यावे आणि त्यांच्या गरजा पाहून अभ्यासक्रम आखावा, ही कल्पना प्रचलित विद्यापीठाच्या चौकटीत बसेना. तेव्हा १९१६ साली त्यांनी भारतीय महिला विद्यापीठ स्थापन केले. आपला अभ्यासक्रम आपण ठरविण्याचे स्वातंत्र्य त्यांस मिळाले. पण त्याची किंमतही मोठी होती. त्या पदवीस सरकारी कायद्याची मान्यता मिळण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. ज्या मुलींनी मधल्या काळात ती पदवी घेतली त्यांचे धैर्य संस्थापकांच्या धैर्याहून कमी नव्हते.

दरम्यान मूळ विद्यापीठाच्या रचनेतही पालट होत गेले. लॉर्ड कर्झन यांच्या १९०४ च्या कायद्याने फेलोंची संख्या शंभरावर आणून ठेविली, तहहयात नेमणूक बंद केली आणि निवडून येणाऱ्या सभासदांस कायद्याने वीस जागा दिल्या. उरलेल्यांपैकी बहुतेक जागा सरकारी नेमणुकीच्या. सुधारणेच्या नावाने विद्यापीठ सरकारच्या मुठीत जाते आहे असा आक्षेप घेऊन गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात त्या बिलास विरोध केला. त्यांचे म्हणणे सर्वस्वी फोल नव्हते. तरी निवडणुकीचे तत्त्व कायद्यात शिरले एवढे खरे. पुढे मुंबई विद्यापीठाच्या १९२८ च्या कायद्याने अकॅडेमिक कौन्सिल ही नवी संस्था निर्माण झाली. पैसा व कारभार यांचा विचार एका ठिकाणी आणि विद्येचा विचार दुसऱ्या ठिकाणी, अशी ही वाटणी होती. काय शिकवावे हे शिकविणारांनी मुख्यतः ठरवावे, हे तत्त्व त्यात प्रथमच स्पष्टपणे मान्य झाले असे म्हणावयास हरकत नाही.

खानदेशच्या दृष्टीने पाहता हा सर्व काळ प्रतीक्षेचा होता. येथे १९४५ च्या सुमारास जळगाव व अमळनेर येथे महाविद्यालये निघेपर्यंत वरणगावच्या मुलास पदवीसाठी नाशिक, पुणे, मुंबई नाही तर वऱ्हाडनागपूरची वाट धरावी लागे. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि खानदेशातील महाविद्यालये मुंबईच्या छत्राखालून पुण्याच्या छत्राखाली आली. आता आपल्या प्राध्यापकांस अभ्यासमंडळावर जाण्याची संधी होती. परंतु बैठकीसाठी एक रात्र गाडीत, एक दिवस पुण्यात व दुसरी रात्र पुन्हा गाडीत असा तो प्रकार. दूरचा सभासद साहजिकच कमी येतो, आणि जो येत नाही त्याचे मत मोजले जात नाही. पुढे १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा हे अंतर एकदम कमी झाले.

बदल मंजूर होण्याची रीत आज काय आहे हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. एखाद्या विषयाचा नवा अभ्यासक्रम प्रथम त्या विषयाच्या अभ्यासमंडळात तयार होतो. तो विद्याशाखेपुढे जातो. तेथे इतर विषयांशी त्याचा मेळ पाहिला जातो. नंतर विद्यापरिषद त्यावर शिक्कामोर्तब करते, आणि खर्चाचा किंवा नियमांचा प्रश्न आला तर व्यवस्थापन परिषदेकडे जावे लागते. कागदावर ही शिडी निर्दोष दिसते. प्रत्यक्षात पहिल्या पायरीवरच सर्व काही ठरते, आणि तेथे विद्येखेरीज आणखी एक वजन तराजूत पडलेले असते. एक प्रश्नपत्रिका काढली की कोणाचे तरी तास कमी होतात. तास कमी झाले की एखाद्या लहान महाविद्यालयातील जागाच धोक्यात येते. म्हणून ‘हा विषय जुना झाला’ या वाक्याचा अर्थ बैठकीत बसलेल्या दोघांस दोन प्रकारचा लागतो. यात कोणाची नीती काढण्याचे कारण नाही. परंतु विद्यार्थ्याचे हित बोलून दाखविणारा त्या टेबलाशी कोणीतरी असावा लागतो.

तेथे बसावयाचे कोणी, याविषयी कायदा सतत बदलत आला आहे. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यात विद्याशाखेचा अधिष्ठाता निवडणुकीने येत असे. २०१६ च्या कायद्यात तो पूर्णवेळ अधिकारी झाला व निवड समितीमार्फत नेमला जाऊ लागला. निवडणुकीत गटबाजी माजली होती हे खरे. परंतु नेमलेल्या माणसाची नजर स्वभावतः नेमणाराकडे असते, हेही तितकेच खरे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तर पदवीच्या अभ्यासक्रमांची सबंध चौकटच बदलली. चौकट वरून आली, आणि तिच्यात विषय बसविण्याचे काम अभ्यासमंडळांकडे आले. बदल वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु १८६० नंतरच्या त्या चारपाच वर्षांची आठवण आम्हांस येथे होते. थोड्या वेळात जे वगळले जाते ते परत आणावयास किती पिढ्या खर्ची पडतात, हे आपण एकदा पाहिलेले आहे.

आमच्या विद्यापीठास २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगावाजवळच्या असोद्यात १८८० मध्ये जन्मलेली ही शेतकरी स्त्री शाळेत कधी गेली नाही. तिने लेवा बोलीत रचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेविली आणि १९५१ साली ती वारल्यानंतर पुढच्याच वर्षी ती पुस्तकरूपाने निघाली. ज्या भाषेत वाङ्मय नाही असे एका काळी विद्यापीठाने ठरविले, त्या भाषेच्या एका बोलीत, अक्षरओळख नसलेल्या बाईने रचलेल्या काव्यावरून आज एका विद्यापीठाची ओळख सांगितली जाते. रानड्यांच्या युक्तिवादास याहून मोठा पुरावा हवा कशाला? तथापि नाव देणे शासनाच्या एका निर्णयाने साधते. त्या बोलीचा अभ्यास व्हावा, तिचे शब्द व म्हणी जमविल्या जाव्यात, वरणगाव-भुसावळकडील विद्यार्थ्यास आपल्या आजीची भाषा ही लाज नव्हे तर अभ्यासाचा विषय आहे असे वर्गात कळावे, हे मात्र अभ्यासमंडळाच्या टेबलावरच ठरणार.

म्हणून आमची सूचना साधी आहे. अभ्यासक्रमातून काही काढावयाचे किंवा त्यात काही घालावयाचे असेल, तर त्याची कारणे लिहून प्रसिद्ध करावीत आणि मत देण्यापूर्वी ती प्रत्येक महाविद्यालयातील त्या विषयाच्या शिक्षकाच्या हाती पडावीत. मते मोजली जातात तशी कारणेही तोलली गेली पाहिजेत. आणि वाचकांनीही, मुलाच्या हाती पुस्तक पडेल तेव्हा त्याची किंमत विचारण्याबरोबरच, ते येथवर कोणाच्या संमतीने आले हेही एकदा विचारावे. विचारणारे असले म्हणजे सांगणारांस कारणे तयार ठेवावी लागतात.