मुंबई उपनगरांतील वाहनचालकांचे शिक्षण : परवाना आणि विद्या

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा लोहमार्गावर खिळलेली असते. १८५३ साली ठाण्यापर्यंत आगगाडी धावली, पुढे घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही स्थानके व त्यांच्याभोवतीची वस्ती वाढली, ही कथा सुपरिचित आहे. रस्त्यांची कथा मात्र उपेक्षित राहिली. आणि त्या रस्त्यांवरून वाहन हाकणाऱ्या माणसास ती विद्या कोणी, किती व कशी शिकविली, हा प्रश्न तर क्वचितच विचारला गेला. रस्त्यावरील सुरक्षिततेचा विचार या प्रश्नावाचून अपुराच राहतो.

१९२० साली मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्या वेळी साष्टीतून उत्तरेकडे जाणारे मुख्य रस्ते दोन : पश्चिमेस घोडबंदर रस्ता आणि पूर्वेस जुना आग्रा रस्ता. स्थानकापासून गावापर्यंत टांगा आणि बैलगाडी यांचा काळ होता तो. टांगेवाल्याचे शिक्षण बापाशेजारी बसून होई, आणि त्यातील उणीव काही अंशी घोडा भरून काढी. समोर मूल आले तर जनावर आपण होऊन बिचकते. मोटारीजवळ हा शहाणपणा नाही. तो सर्वस्वी चालकाने आणावयाचा असतो, म्हणूनच मोटार आली तेव्हा शिक्षणाचा प्रश्न नव्याने उभा राहावयास हवा होता.

तो तसा उभा राहिला नाही. १९१४ च्या हिंदुस्थानच्या मोटार वाहन कायद्याने चालकास परवाना आवश्यक केला. १९३९ च्या कायद्याने ही व्यवस्था अधिक रेखीव केली. साध्या वाहनासाठी १८ आणि प्रवासी वा मालवाहू वाहनासाठी २० वर्षे ही किमान वयोमर्यादा घातली. तथापि या कायद्यांत शासनाने मुख्यतः परीक्षकाची भूमिका स्वीकारली. शिकविण्याचे काम समाजावर सोपविले गेले, आणि समाजाने ते आपल्या जुन्या रीतीने पार पाडले. मालमोटारीवर पोरगा प्रथम क्लीनर म्हणून लागे. गाडी धुणे, चाक बदलणे, मागे घेताना हाताने थोपटून इशारा देणे अशी चाकरी तो करी, आणि उस्तादाची मर्जी बसली म्हणजे रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर त्याच्या हाती चक्र येई. या पद्धतीची हेटाळणी करण्याची प्रथा आहे. ती प्रस्तुत लेखकास मान्य नाही. तीत अक्षरज्ञान नव्हते, नियमांचा अभ्यास नव्हता आणि उस्तादाचे दुर्गुणही विद्येबरोबर उतरत, हे खरे. परंतु दीर्घकाळ जाणत्याच्या शेजारी बसून रस्ता वाचावयास शिकणे, हा जो तिचा गाभा, तो पुढील अनेक सुधारलेल्या पद्धतींत हरवला.

या गाभ्यास शिस्तीची जोड मिळाली ती सार्वजनिक बससेवेत. मुंबईत बस १५ जुलै १९२६ रोजी सुरू झाली; १९४७ साली हा उपक्रम महापालिकेकडे आला. १९५० आणि १९५७ साली उपनगरे टप्प्याटप्प्याने बृहन्मुंबईत सामील होऊन शहराची सीमा दहिसर व मुलुंडपर्यंत गेली, आणि त्यांबरोबर बेस्टची लाल बसही. तिचा चालक परवाना घेऊन येई. पण संस्था तेवढ्यावर समाधान मानीत नसे. तिचे स्वतःचे प्रशिक्षक, स्वतःची शाळा होती. गोरेगावनजीक दिंडोशी आगारातील प्रशिक्षण केंद्र हा त्याच परंपरेचा भाग होय. येथे शिकविणारा, नोकरीस ठेवणारा आणि अपघात झाल्यास जाब देणारा, हे तिन्ही एकच होते. ही गोष्ट साधी दिसते. तिचे मोल पुढे कळले.

खाजगी मोटारी वाढल्या तसतशी उपनगरांतही मोटार ट्रेनिंग स्कुले निघाली. १९८८ च्या कायद्याच्या १२ व्या कलमाने व १९८९ च्या केंद्रीय नियमांनी अशा शाळांसाठी देशभर एक अभ्यासक्रम लागू केला. शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असलेली दुहेरी नियंत्रणाची गाडी आवश्यक झाली. साध्या मोटारीसाठी किमान २१ दिवस व प्रत्यक्ष चालविण्याचे १० तास, जड वाहनासाठी ३० दिवस व १५ तास, असे प्रमाण ठरले. नियम चांगले होते. परंतु शाळेत गेल्यावाचूनही हलक्या वाहनाच्या परीक्षेस बसता येई, आणि दुचाकीस्वार तर बहुतेक भावाच्या वा मित्राच्या गाडीवर सोसायटीच्या आवारातच शिकत आला. अंधेरीच्या गल्लीत पहाटे गिअर बदलावयास शिकलेला मनुष्य पश्चिम द्रुतगती मार्गावर प्रथमच एकटा जातो, तेव्हा त्याचे खरे शिक्षण सुरू होते, आणि त्या वेळी शेजारी कोणी नसते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत सुमारे ७५,००० दुचाकीवरील व सुमारे ३३,००० पादचारी होते.

मग शाळेचे तास वाढविले म्हणजे अपघात घटतात काय? पाश्चात्त्य देशांतील अनुभव येथे विचारात घेण्याजोगा आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील डीकाल्ब परगण्यात १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुमारे १६,००० विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला. विस्तृत शिक्षण घेतलेल्या मुलांचे अपघात आरंभीच्या काही महिन्यांत किंचित कमी दिसले. तो लाभ पुढे टिकला नाही. पुढील समीक्षांतून असेही दिसले की, शाळेतील शिक्षणामुळे मुले लवकर परवाना घेतात, आणि रस्त्यावर जितके लवकर तितका धोका अधिक. यावरून शिक्षण व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. हात-पाय दहा-वीस तासांत शिकतात. धोका दिसण्याआधी ओळखणारी नजर महिनोन्‌महिने देखरेखीखाली चालविल्याने येते. न्यूझीलंडने १९८७ साली परवाना टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत स्वीकारली, तिचे मर्म हेच. उस्तादाला हे ठाऊक होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

२०१८ नंतरच्या काळात बेस्टने मोठ्या प्रमाणावर भाडेतत्त्वावरील बसगाड्या आणल्या. या व्यवस्थेत गाडीवर नाव बेस्टचे. पण गाडी ठेकेदाराची आणि चालकही ठेकेदाराचा नोकर. शिकविणारा, नेमणारा व जाब देणारा यांची जी एकजूट होती, ती येथे सुटली. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला स्थानकाहून अंधेरीकडे निघालेली ३३२ क्रमांकाची विजेवरील बस एस. जी. बर्वे मार्गावर गर्दीत घुसली. किमान सात जणांचे प्राण गेले, चाळीसहून अधिक जखमी झाले. चालक पूर्वी क्लच असलेली लहान बस चालवीत असे, आणि बारा मीटर लांबीच्या स्वयंचलित बसचा त्यास मिळालेला सराव अगदी थोड्या दिवसांचा होता, अशी वृत्ते प्रसिद्ध झाली. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. इतिहासाच्या अभ्यासकास येथे वेगळीच गोष्ट दिसते : परवान्याच्या कागदावर जड वाहन हे जड वाहनच असते, मग त्याला क्लच असो वा नसो. या दोन गाड्यांमधील अंतर ओळखून ते भरून काढणे हे परीक्षकाचे काम कधीच नव्हते. ते शिक्षकाचे होते. आणि भाड्याच्या बसवर तो शिक्षक कोण, हे प्रवाशास ठाऊक नव्हते.

२०२१ च्या नव्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली आहे. हलक्या वाहनासाठी २९ तास, जड वाहनासाठी ३८ तास असा तेथील क्रम असून, तो पुरा करणाऱ्यास परिवहन कार्यालयातील चालविण्याची परीक्षा माफ आहे. १९१४ पासून परीक्षकाच्या खुर्चीवर बसलेले शासन प्रथमच ती खुर्ची शिक्षकास देऊ करीत आहे. हा बदल लहान नव्हे. मात्र जो शिकवितो तोच उत्तीर्ण करतो, आणि अपघातानंतर त्यास कोणी काही विचारीत नाही, अशी ही रचना आहे. दिंडोशीच्या शाळेस असा मोकळेपणा नव्हता, कारण तिने शिकविलेला चालक दुसऱ्या दिवशी तिचीच बस घेऊन रस्त्यावर उतरत असे.