सावेदादा : कुस्तीचं शूटिंग करणारा पहिला मराठी फोटोग्राफर

भारतात हलत्या चित्रांची सुरुवात म्हटली की दादासाहेब फाळके आणि १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. पण त्याच्या १४ वर्षं आधी, १८९९ मध्ये, मुंबईत एका मराठी माणसाने चक्क कुस्तीचं शूटिंग केलं होतं. त्यांचं नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. लोक त्यांना सावेदादा म्हणत. देशातले पहिले माहितीपटकार म्हणून त्यांची नोंद होते.

स्टुडिओ ते कॅमेरा

सावेदादांचा जन्म १८६८ चा. मुंबईत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा खेळ झाला. तिकीट होतं एक रुपया. हलती चित्रं पाहिल्यावर सावेदादा नुसते फोटो काढून थांबले नाहीत. त्यांनी २१ गिनी मोजून लंडनहून रायली कंपनीचा चित्रीकरणाचा कॅमेरा मागवला.

काय काय टिपलं?

• कुस्ती (१८९९) : पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची हँगिंग गार्डनमधली लढत. आपल्याकडे सोय नसल्याने रीळ धुवायला लंडनला पाठवावं लागलं.

• माकडवाला : दुसऱ्या फिल्ममध्ये माकडाला खेळ शिकवणारा माणूस होता.

• रँग्लर परांजपे (१९०१) : दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे र. पु. परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. ते मुंबईत परतले, तेव्हा झालेलं स्वागत सावेदादांनी टिपलं. भारतातली ही पहिली बातमीफिल्म मानतात.

• दिल्ली दरबार (१९०३) : लॉर्ड कर्झनच्या काळातला शाही सोहळा.

राजा-राणीच्या गोष्टी न रचता, डोळ्यांसमोर घडतंय तेच टिपायचं, ही त्यांची पद्धत. पैलवान, माकडवाला आणि व्हाइसरॉय, तिघांनाही त्यांच्या कॅमेऱ्यात जागा मिळाली.

पुढे काय झालं?

काही वर्षांनी सावेदादांनी चित्रीकरण थांबवलं. मुंबईच्या गेईटी थिएटरचं व्यवस्थापन त्यांनी सांभाळलं. १९५८ मध्ये त्यांचं निधन झालं.

रीळ गेलं, नाव राहिलं

त्या कुस्तीत कोणता डाव कसा पडला, हे आज पडद्यावर पाहायला मिळत नाही. त्या काळचं रीळ नायट्रेटचं असायचं. ते पटकन पेट घ्यायचं, नाहीतर वर्षानुवर्षं पडून कुजायचं. जुने चित्रपट जपणारं पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये. तोवर मधे ६५ वर्षं गेली होती.

सावेदादांना कॅमेरा परदेशातून आणावा लागला. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे. पण मोबाईल बिघडला, हरवला की त्यातलं सगळं जातं. म्हणून गावची जत्रा, कुस्त्यांचा फड, म्हाताऱ्या माणसांच्या ओव्या रेकॉर्ड केल्या असतील तर त्यांची एक कॉपी पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या मोबाईलमध्ये ठेवा. सोबत गाव, तारीख आणि माणसांची नावं लिहा. नाव नसलेला व्हिडिओ पन्नास वर्षांनी कुणालाच ओळखू येत नाही.