साहेबाचा साइडबोर्ड, दादीचं जुजदान

येवल्यातल्या आमच्या घराच्या वाटण्या झाल्या. भांडीकुंडी वाटली, राहिला तो शिसवी साइडबोर्ड. त्याचे तीन वाटे कसे करणार? मुंबईला लिलावात द्यायचं ठरलं. फोटो काढायला आलेला पोरगा म्हणाला, ‘‘चाचा, हे बॉम्बे ब्लॅकवूड. कारागिराचं नाव कुठं कोरलंय का बघा.’’ खण उपसले, पाठ तपासली. नाव नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबईचे कारागीर इंग्रज आणि पारशी घरांसाठी असं सामान घडवत. घाट विलायती, पण कोरीवकाम इथलं. जाळीदार पानं, वेली, पक्षी. साइडबोर्ड ही जेवणाच्या मेजाशेजारची चीज. वर वाढपाची भांडी, खाली दारूच्या बाटल्या. आमच्याकडे मेजच नव्हतं, आम्ही दस्तरखानावर मांडी घालून जेवणारे. आजोबांनी तो कुणा साहेबाच्या मोडीत काढलेल्या सामानातून घेतलेला. दादीनं बाटल्यांच्या खणात पापड ठेवले आणि सगळ्यात वर, जुजदानात, कुराण. साहेबाला कळलं असतं तर!

शेजारचे पैठणी विणणारे काका त्या नक्षीवरून बोट फिरवायचे. म्हणायचे, ‘‘ही तर आमची आसावलीच की रे!’’ पदरावरची वेल काय नि लाकडावरची वेल काय, दोन्हींवर करणाऱ्याची सही नाही.

१९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षांवरच्या अशा कोरीव वस्तूला तो पुरावशेष मानतो आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. देशातल्या देशात मात्र बोली लागू शकते.

पुण्याचे दिनकर केळकर (१८९६-१९९०) आठवतात. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारा हा माणूस वाड्यांचे कोरीव दरवाजे, दिवे, अडकित्ते जमवत राहिला. गेलेल्या लहानग्या राजाच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. कवीला हा छंद परवडला कसा, कोण जाणे. माझी ऐपत एका खणाचीही नाही.

टेम्पोत चढवताना पापडखाराचा वास आला. कुराण आता माझ्या लोखंडी मांडणीवर, सगळ्यात वर आहे. लिलावाच्या अर्जात ‘कारागीर’ या रकान्यात धाकट्यानं ‘अज्ञात’ लिहिलं होतं. मी ते खोडून ‘मुंबईचा सुतार’ असं लिहिलं.