खिशातला हक्क: सोन्याच्या शिवारातील एका कागदाचा इतिहास

१/ ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात आजही हौशी लोक मेटल डिटेक्टर घेऊन सोने शोधत हिंडतात. त्यासाठी लागणाऱ्या कागदाचे नाव ‘मायनर्स राइट’. परवाना नव्हे, हक्क. या शब्दामागे रक्त सांडलेले आहे.

२/ १८५१ साली येथे सोने सापडले. वसाहतीच्या सरकारने प्रत्येक खोदणाऱ्यावर दरमहा ३० शिलिंगांचा परवाना लादला. सोने लागो वा न लागो, पैसे भरणे भाग. कागद जवळ नसेल तर दंड. मताधिकार मात्र नाही.

३/ १८५४ च्या अखेरीस बॅलारटच्या खोदणाऱ्यांनी परवाने जाळले व युरेका येथे लाकडी तटबंदी उभारली. ३ डिसेंबरच्या पहाटे सैन्याने ती मोडली. वीसहून अधिक खोदणारे मारले गेले. परंतु राजद्रोहाच्या खटल्यातील तेराही आरोपींना मेलबर्नच्या ज्यूरींनी निर्दोष ठरवले.

४/ १८५५ मध्ये परवाना गेला. वर्षाला एक पौंड भरून ‘मायनर्स राइट’ मिळू लागला आणि त्यासोबत मताचा अधिकारही. लढाई हरलेल्यांनी मागणी जिंकली होती.

५/ १८६९ मध्ये मोलियागुल येथे ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा महाकाय सुवर्णपिंड जमिनीखाली अवघ्या काही सेंटिमीटरवर सापडला. १९८० मध्ये किंगोअरजवळ एका हौशी शोधकाच्या डिटेक्टरने २७ किलोंचा ‘हँड ऑफ फेथ’ दाखवला. हौस टिकून आहे ती अशा उदाहरणांमुळे.

६/ तथापि बेंडिगोच्या परिसरातील ही भूमी मुळात जा जा वुरुंग लोकांची. खोदणाऱ्यांना हक्क मिळाला, तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही. राज्य सरकारने त्यांच्याशी करार केला तो २०१३ मध्ये. एकाच मातीतील दोन हक्कांमध्ये दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे.