छातीवरचा घाव आणि हृदयाची वीज

मी डॉक्टर नव्हे. कामगारांत वावरलेला माणूस. मागावरून उडालेला धोटा छातीवर बसून आमचा एक तरुण सोबती जागीच गेला. बरगडी शाबूत, हृदयावर जखम नाही. मालकपक्ष म्हणाला, हृदय मुळातच दुबळे असणार. त्या रागात मी वाचू लागलो.

जर्मनीत श्लोम्का यांनी 1930 च्या दशकात प्राण्यांच्या छातीवर आघात करून हृदयाची लय बिघडते हे दाखवले. दोष त्यांनी दिला रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाला. पुढे 1984 साली अमेरिकेत गुहराय आणि सॅक्स यांना स्नायूपेशीच्या आवरणात ताण पडताच उघडणारी सूक्ष्म द्वारे सापडली. त्यांतून विद्युत्भारित कण वाहतात. म्हणजे नुसत्या ताणानेही पेशीत वीज हलते!

बोस्टनला मार्क लिंक आणि सहकाऱ्यांनी 1998 साली भूल दिलेल्या डुकरांच्या छातीवर ताशी 48 किलोमीटर वेगाने चेंडूएवढा लाकडी गोळा मारला. ठोक्यानंतर हृदय पुन्हा सावरत असते, त्यातल्या अवघ्या 15 मिलिसेकंदांत घाव पडला, तर दहापैकी नऊदा हृदय नुसते थरथरू लागले. रक्त पुढे जाईना. इतर वेळी तोच घाव पडूनही हा थरकाप झाला नाही.

असा मृत्यू शवविच्छेदनात खूण ठेवत नाही. आमच्या सोबत्याच्या कागदावर ‘हृदयविकार’ एवढेच लिहिलेले आहे.