तेल जातंय कुठं?

परवा कासुर्डीला मामांकडे गेलो होतो. (पुणे-सोलापूर रस्त्यावरचं, यवतजवळचं कासुर्डी. घरच्यांना सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी.) मामा शेतं सपाट करून देण्याची कामं घेतात. ऐन उन्हाळ्यात, लोक दारात बसलेले असताना, त्यांचा जुना बुलडोझर बांधाला उभा. कारण काय, तर हायड्रॉलिकचं तेल कमी होतंय. दिवसाला तीन-चार लिटर, आणि जमिनीवर एक थेंब नाही!

एका मिस्त्रीने "ब्लेडचे दोन्ही सिलेंडर खोलू" असं सांगितलं होतं. खर्चाचा आकडा ऐकून मामी दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नव्हत्या.

मग मामांनी शेजारच्या गावातल्या एका आप्पांना बोलावलं. आयुष्य बुलडोझरवर गेलेला माणूस. त्यांनी आधी ब्लेड उचलायला लावलं, इंजिन बंद केलं, दांड्यावर खडूने खूण केली आणि चहा मागितला. चहा झाला तरी खूण जेमतेम हललेली. "सिलेंडर बरे हायेत. आणि आतलं सील गेलं असतं तरी ब्लेड खाली आलं असतं, तेल फिरून टाकीतच गेलं असतं. कमी कसं व्हईल?" हे मला कधी सुचलं नसतं. मग त्यांनी चक्क इंजिनची डिपस्टिक काढली. तेल वरच्या खुणेच्याही बरंच वर! बोटावर घेऊन वास घेतला. डिझेलचा वास नव्हता. हायड्रॉलिकचा पंप इंजिनच्या गिअरवर फिरतो, त्याच्या शाफ्टचं ऑइल सील गेलेलं. तेल बाहेर पडतच नव्हतं, इंजिनमध्ये जात होतं. आणखी आठवडा असंच चालवलं असतं तर बेअरिंगची वाट लागली असती.

पुण्याला आल्यावर ह्या सीलच्या इतिहासामागे लागलो. (बायकोच्या मते मला कामं नाहीत.) सुरुवात निघाली चामड्यापासून. १७९५ साली लंडनच्या जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. हा कुलपं करणारा. पण दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी निसटायचं. त्यावरचा उपाय, म्हणजे वाटीसारखी वळवलेली चामड्याची कडी, त्याचा कारागीर हेन्री मॉडस्ली याच्या नावावर सांगितला जातो. पाण्याचा दाब जितका जास्त, तितकी ती कडी दट्ट्याला घट्ट बसणार. ज्याला अडवायचं त्याच्याच जोरावर त्याला अडवायचं!

आपल्याकडे चामडं काही कमी नव्हतं. मोट चामड्याचीच. पण ती गळली तर पाणी परत विहिरीतच पडायचं, त्यामुळे फारसं बिघडत नसे. पुढे सत्तरच्या दशकात, जालना-सोलापूरकडच्या पंपांच्या अनुभवातून इंडिया मार्क टू हापसा आला, त्यातही चामड्याचे वायसर होतेच. वायसर झिजला की हापसून हापसून हात दुखायचे आणि पाणी मात्र येत नसे. आठवतंय का?

बुलडोझर मात्र बराच उशिरा हायड्रॉलिकवर आला. १९२३ साली अमेरिकेत, कॅन्ससमध्ये, कमिंग्ज आणि मॅक्लाउड या दोघांनी ट्रॅक्टरपुढे पातं बसवलं. पुढची कित्येक वर्षं पातं उचलायला बऱ्याच यंत्रांवर तारेचा दोर असे. दोराने पातं वर खेचता येतं, पण खाली दाबता येत नाही. ते आपल्या वजनानेच खाली येणार, त्यामुळे कडक जमिनीत पंचाईत. तेलाच्या दाबाने ही अडचण सुटली आणि गळतीची सुरू झाली!

फिरत्या शाफ्टवरचं सील ही आणखी वेगळी डोकेदुखी. जर्मनीत वाइनहाइमला फ्रॉइडेनबर्ग हा कातडी कमावण्याचा कारखाना होता. १९२९ च्या सुमारास तो चामड्याची सील करू लागला. सिमर नावाच्या इंजिनिअरवरून पुढे ती 'सिमररिंग' म्हणून गाजली, आणि १९३० च्या दशकात चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. आप्पांनी मामांच्या पंपातून काढलं ते त्याच घराण्यातलं.

त्याचा ओठ उष्णतेने आणि वयाने पार वाळून कडक झाला होता, नखाने दाबला तर मोडला. नवीन सील काही शे रुपयांचं. इंजिनचं तेल सगळं काढून बदलावं लागलं, त्याचा खर्च वेगळा. तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला, "चालू झाला रे. पण आता मी रोज दोन्ही डिपस्टिका बघतो." मागून मामी कुणाला तरी मोठ्याने हाका मारत होत्या.