मतदार यादीतील आपले नाव

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाचे जुने दप्तर चाळीत असता सभासदांची पहिली नोंदवही हाती आली. नाव, नोकरी, येथील पत्ता आणि शेवटच्या रकान्यात मूळ गाव. बहुतेकांचा येथील पत्ता पेन्सिलीने लिहिलेला होता, मूळ गाव मात्र शाईने. बदलीची नोकरी आणि भाड्याची खोली. पत्ता केव्हा खोडावा लागेल याचा नेम नसे. ती वही पाहताना मला वडिलांची आठवण झाली. नोकरीची तीस वर्षे त्यांनी या शहरात काढली. परंतु त्यांचे नाव राहिले ते सातारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या मतदार यादीत. मतदानासाठी एवढा प्रवास करून गावी जाणे होत नसे. येथे नाव नोंदवा असे कोणी सुचविले, तर ‘परमुलखातल्या राजकारणाशी आपल्याला काय करावयाचे?’ असे म्हणून ते विषय संपवीत. त्या तीस वर्षांत त्यांनी एकदाच मत दिले, तेही जत्रेसाठी गावी गेले असता निवडणूक आली म्हणून.

अशी घरे आपल्यात थोडी नव्हती. म्हणूनच या अंकात मतदार यादीची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. स्वभाषेच्या प्रांताबाहेर राहणाऱ्या माणसांचा त्या हकीकतीशी फार निकटचा संबंध आहे, आणि तो आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नाही.

मूठभरांचा अधिकार

लोकशाहीचे मर्म एका साध्या प्रश्नात आहे : राज्य कोणी करावे हे ठरविणाऱ्यांत आपली गणना होते की नाही? इंग्रजी अमदानीत ही गणना मुख्यतः मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून असे. १९३५ च्या कायद्याने मताधिकार पुष्कळ वाढविला, तरी प्रांतिक विधिमंडळांसाठी मत देऊ शकणाऱ्यांची संख्या तीन-साडेतीन कोटींच्या आसपासच राहिली. भूमिहीन शेतमजूर, अस्पृश्य समाजातील बहुसंख्य लोक आणि बहुतेक स्त्रिया दाराबाहेरच होत्या. १९२८ साली सायमन कमिशनपुढे डॉ. आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. त्याच वर्षीच्या नेहरू अहवालानेही ती उचलून धरली. निरक्षर माणूस म्हणजे निर्बुद्ध माणूस नव्हे, ही त्या मागणीमागची भूमिका होती.

स्वातंत्र्यानंतर ही मागणी प्रत्यक्षात आणण्याची वेळ आली. संविधान पुरे व्हावयास दीड वर्षाहून अधिक अवकाश असतानाच, १९४८ च्या मार्चमध्ये, संविधानसभेच्या सचिवालयाने प्रांतांना आणि संस्थानांना नव्या यादीसंबंधी सूचना पाठविल्या. वयाची २१ वर्षे पूर्ण असावीत आणि त्या ठिकाणी किमान १८० दिवसांचे वास्तव्य असावे, एवढ्याच मुख्य अटी होत्या. फाळणीने उखडल्या गेलेल्या निर्वासितांपाशी वास्तव्याचा पुरावा कोठून असणार? त्यांनी येथे कायम राहण्याचा इरादा जाहीर केला, की तेवढ्यावर त्यांचे नाव घ्यावे असे ठरले.

१५ जून १९४९

परंतु सूचना निघाल्या म्हणून नावे लागतातच असे नाही. ठिकठिकाणच्या नागरिकांची गाऱ्हाणी दिल्लीस येऊ लागली. आसामातील निर्वासितांच्या आणि नागरिकांच्या संघटनांनी तर सचिवालयाशी चिकाटीने पत्रव्यवहार केला. संविधानाच्या मसुद्यात प्रत्येक प्रांताच्या निवडणुकीसाठी स्वतंत्र आयोगाची योजना होती. ती बाजूला सारून साऱ्या देशासाठी एकच निवडणूक आयोग असावा, अशी दुरुस्ती डॉ. आंबेडकरांनी १५ जून १९४९ रोजी मांडली. तिचे त्यांनी दिलेले कारण आपण ध्यानी ठेवावे असे आहे. काही प्रांतांत, तेथील बहुसंख्यांहून वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने निराळ्या असलेल्या लोकांची नावे यादीतून वगळली जावीत अशी व्यवस्था सरकारी यंत्रणेकडून होत आहे, असे मसुदा समितीच्या कानी आले होते. मताधिकार हा लोकशाहीचा पाया असल्यामुळे, स्थानिक पूर्वग्रहापायी किंवा अधिकाऱ्याच्या लहरीपायी कोणाचेही नाव गळता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता.

या दुरुस्तीवर कडक टीकाही झाली. पं. हृदयनाथ कुंझरू यांनी विचारले की, आयुक्ताची नेमणूक केंद्राच्या हाती राहिली, तर तो केंद्राच्या दबावापासून मुक्त राहील याची हमी काय? नेमणुकीविषयीची अडचण स्वतः आंबेडकरांनीही उडवून लावली नाही. अयोग्य माणूस त्या जागी येणारच नाही असे केवळ कलमाने साधत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. अखेर दुरुस्ती संमत झाली आणि आजचे ३२४ वे कलम अस्तित्वात आले. संविधानाची बहुतेक कलमे २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली; हे कलम मात्र ज्या थोड्या कलमांना २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच अंमल मिळाला, त्यांपैकी एक आहे.

नाव सांगण्याचे धैर्य

पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात झाली. लोकसभेच्या ४८९ जागा, सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार आणि त्यांपैकी बहुतेक निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची.

या यादीतील एक नोंद चटका लावून जाते. नावे लिहिण्यास गेलेल्या कारकुनांना अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. कोणाची आई, कोणाची पत्नी एवढीच ओळख दिली. आपल्याकडे उखाण्यात नवऱ्याचे नाव घेताना बायका लाजत. येथे परक्या पुरुषापुढे स्वतःचेच नाव उच्चारणे अवघड झाले होते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत. सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे त्यामुळे यादीबाहेर राहिली. निर्णय कठोर होता खरा. परंतु मत कुटुंबाचे नसून व्यक्तीचे आहे हे त्याने ठामपणे सांगितले.

त्याच निवडणुकीत अहमदाबादेतून गणेश वासुदेव मावळंकर निवडून आले आणि लोकसभेचे पहिले सभापती झाले. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंग्याचे, जन्म १८८८ साली बडोद्याचा, कर्मभूमी अहमदाबाद. त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा पाया घातला गेला तो नगरपालिकेत. पुढे ते तिचे अध्यक्षही झाले. ज्या गावाचे पाणी आपण पितो त्या गावाच्या पाण्याची व्यवस्था पाहणे हेही आपले काम, असे मानणारा मराठी माणूस गुजरातेत परका राहिला नाही.

आपल्यापुढील काम

१९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो की, माणूस सामान्यतः जेथे राहतो तेथे त्याचे नाव असावे, आणि एकाहून अधिक मतदारसंघांत असू नये. गावी वडिलोपार्जित घर आहे एवढ्यावरून तेथला मतदार होता येत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आपण येथले पाहुणे नाहीच.

मंडळाच्या आरंभीच्या काळात सभागृहाच्या जागेसाठी आपले शिष्टमंडळ एका नगरसेवकाकडे गेले होते. त्यांनी सारे ऐकून घेतले, चहा दिला आणि हसून विचारले, “आपल्यापैकी या वॉर्डाच्या यादीत किती जण आहेत?” अकरा माणसांत दोघांनी हात वर केले. उत्तर मिळाले नाही, पण मिळाल्यासारखेच होते. त्या शिष्टमंडळात माझे वडीलही होते. पुढल्याच आठवड्यात त्यांनी नावनोंदणीचा अर्ज भरला, आणि त्यानंतर एकही मतदान चुकविले नाही.

तेव्हापासून पुष्कळ बदलले. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, १९८९ पासून. १९९३ मध्ये ७४ वी घटनादुरुस्ती अमलात येऊन नगरपालिकांना संविधानात स्थान मिळाले आणि त्यांच्या थेट निवडणुकीच्या जागांपैकी किमान एकतृतीयांश स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. परंतु यादी वाचून पाहणे, घर बदलल्यावर नाव हलविणे, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीचे नाव नोंदविणे ही कामे अजूनही ज्याची त्यालाच करावी लागतात. कुंझरूंच्या शंकेला संविधानाच्या पोथीत पुरते उत्तर नाही. ते जागरूक नागरिकांनीच द्यावयाचे असते.

गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी आपले कार्यकर्ते घरोघर जातातच. यंदा त्यांनी एक प्रश्न अधिक विचारावा : यादीत नाव आहे ना? मूळ गाव हृदयात शाईने लिहिलेले राहू द्यावे. येथला पत्ताही आता पेन्सिलीने लिहिण्याचे कारण उरलेले नाही.